उतारवयातील घाटवाटा

मराठीने वार्धक्याला ‘उतारवय’ म्हटले, त्यात शक्ती ओसरण्याची सूचना आहे, असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. डोंगरात वावरलेल्या माणसाला मात्र या शब्दात आणखी एक अर्थ सापडतो. चढ दम काढतो हे खरे, परंतु पाय निसटतो तो बहुधा उतारावर. चढताना धाप लागली की माणूस आपोआप थांबतो. उतरताना धाप लागत नाही, म्हणून थांबण्याचे शहाणपण स्वतःहून आणावे लागते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाने डोंगर वर्ज्य करावा का, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. त्याने डोंगर वर्ज्य करू नये, मात्र उतार शिकून घ्यावा.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटाच्या नावातच घाट आहे. सह्याद्रीपासून निघून पूर्वेकडे पसरत गेलेली बालाघाटाची रांग म्हणजे या जिल्ह्याची पाठ होय. या भागात चालणे हा छंद नव्हे. शेत, बाजार, विहीर आणि वारी यांच्या निमित्ताने ते आयुष्यभर घडत आलेले आहे. दसरा-दिवाळी उलटली की इथल्या असंख्य घरांतील कर्ती माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे राहतात आजी-आजोबा, नातवंडे आणि गोठ्यातील जनावरे. त्या पाच-सहा महिन्यांत सारे घर वृद्धांच्या पायांवर उभे असते. आजीचे खुब्याचे हाड मोडले, तर तिच्या दुखण्याबरोबरच नातवाची शाळा, दावणीची गाय आणि तोडणीवर गेलेल्या मुला-सुनेचा हंगामही अडतो. म्हणूनच वृद्धांच्या पायांतील ताकद आणि तोल हा साऱ्या कुटुंबाच्या काळजीचा विषय आहे.

दिवाळीनंतरच्या थंडीत मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे कोकण आणि गोव्याकडे सहलीला निघतात. ‘आयुष्यात एकदा समुद्र पाहायचा आहे’ ही अनेक ज्येष्ठांच्या मनातील इच्छा. समुद्राच्या कडेने सह्याद्री आहे, त्याच्या पायथ्याशी जुन्या खाणींचा मुलूख आहे आणि या दोहोंमधून चालण्याजोग्या वाटा आहेत. त्या वाटांची आणि त्यांवर चालण्यासाठी लागणाऱ्या तयारीची माहिती येथे एकत्र दिली आहे.

पठारावरून समुद्राकडे

आपला प्रदेश समुद्रापासून दूर असला, तरी त्याचे समुद्राशी नाते जुने आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात येतो. पैठण आणि तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात नोंदले आहे. सातवाहनांच्या काळात घाटमाथा आणि कोकण यांना जोडणारी दुसरी मोठी वाट म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा होत असे, अशी समजूत आहे. जुन्नरकडून घाटमाथ्यापर्यंत आता गाडीरस्ता पोहोचतो. त्यामुळे कोकणच्या बाजूची दमवणारी चढण टाळूनही ज्येष्ठांना रांजण आणि लेणे पाहता येते.

दक्षिणेकडे आंबोलीचा घाट आहे. इंग्रजी अमदानीत वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल बेळगावच्या लष्करी छावणीकडे याच मार्गाने जाई. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. ‘उंचावर हवा विरळ असते, आबांना श्वास पुरेल का?’ अशी शंका काही कुटुंबीयांना येते. ही उंची आपल्या बालाघाटाच्या माथ्याहून फारशी वेगळी नाही, त्यामुळे विरळ हवेचा त्रास येथे होत नाही. चढावर धाप लागली तर तिचे कारण हवेत नव्हे, तर हृदय, फुप्फुसे, रक्तातील हिमोग्लोबिन किंवा सवयीचा अभाव यांत शोधावे लागते.

लोखंडाच्या मातीचा मुलूख

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे समुद्राकाठचे गाव. चालुक्यकालीन लेखांतील ‘रेवतीद्वीप’ म्हणजे हेच रेडी, असे इतिहासकार मानतात. खाडीच्या तोंडाशी यशवंतगड आहे. गावाच्या परिसरात लोहखनिजाच्या खाणी आहेत आणि त्या खाणीच्या जागेतच १९७६ मध्ये द्विभुज गणेशाची भव्य मूर्ती सापडली. आज त्या मंदिरामुळे रेडीचे नाव घरोघरी पोहोचले आहे. इतिहास, खाण, गड आणि देव एवढ्या लहान परिसरात एकत्र आल्याने ज्येष्ठांच्या एका दिवसाच्या पायपिटीस हे ठिकाण फार सोयीचे ठरते.

रेडीच्या दक्षिणेला गोवा लागतो. डिचोली, सत्तरी, सांगे हे तेथील खनिजपट्ट्याचे तालुके. पोर्तुगीज राजवटीत खाणींचे परवाने दिले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद उद्योगाकडे येथील लोहखनिज जाऊ लागले आणि मांडवी-झुआरी नद्यांतून खनिजाने भरलेले बार्ज मुरगावकडे वाहू लागले. पुढे बेसुमार खननाचे प्रश्न उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणी थांबवल्या आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. नंतर लिलाव होऊन काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले. खाण बंद पडते तेव्हा मागे काय उरते, हे या मुलखात उघड्या डोळ्यांनी दिसते. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले दिसतात, खोल खड्ड्यांत पाणी साचलेले असते, तांबड्या मातीचे ढीग पडलेले असतात आणि ज्यांनी तेथे उमेदीची वर्षे घातली ती माणसे आता आपल्याच वयाची झालेली असतात.

जुन्या खाणींचा वारसा चालण्याच्या वाटांनी जपण्याचे प्रयत्न जगात अन्यत्र झाले आहेत. इटलीच्या सार्डिनिया बेटावर समुद्रालगतच्या डोंगरांतून खाणकामगारांच्या जुन्या पायवाटा जोडून सुमारे ५०० किलोमीटरची, तीस टप्प्यांची पदयात्रा आखली आहे. खाणकामगारांची संत मानल्या गेलेल्या बार्बराचे नाव तिला दिले आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा खाणप्रदेश २००६ पासून जागतिक वारसा आहे. आपल्याकडे अशी आखीव व्यवस्था नाही. त्यामुळे आपली वाट आपण पारखून निवडणे अगत्याचे ठरते.

ही पारख करण्यास खाणीचेच एक माप उपयोगी पडते. १९६१ च्या धातुखाण नियमावलीनुसार खाणीतील गाडीरस्त्याचा चढ सर्वसाधारणपणे १६ फुटांस १ फूट यापेक्षा तीव्र नसावा. भरलेली गाडी सुरक्षित चढावी-उतरावी, हा त्यामागचा हेतू. चाकाच्या खुर्चीसाठी उतरंड बांधताना १२ फुटांस १ फूट ही मर्यादा धरतात. ज्येष्ठांनीही हाच हिशेब मनात ठेवावा. सोळा पावले चालल्यावर साधारण एका पावलाच्या लांबीइतकीच उंची चढली असेल, तर ती वाट बहुतेकांना झेपते. बारा पावलांत तेवढीच उंची गाठावी लागत असेल, तर काठी हवी. त्याहून उभी वाट असेल, तर परतीच्या उताराचा विचार आधी करावा.

दगड बदलला की पाऊल बदलते

बालाघाट हा काळ्या पाषाणाचा, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचा प्रदेश. कोकण-गोव्यात पायाखाली जांभा येतो. लोहाचे प्रमाण अधिक असल्याने तो तांबूस दिसतो. नुकताच खणलेला जांभा मऊ असतो, हवेत राहिल्यावर कडक होतो. म्हणून त्याचे चिरे पाडून घरे बांधतात. फ्रान्सिस बुकॅनन याने केरळात पाहिलेल्या या दगडाचे १८०७ मध्ये वर्णन प्रसिद्ध केले आणि विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले.

चालणाऱ्याच्या दृष्टीने जांभ्याचे तीन स्वभाव लक्षात घ्यावेत. कोरडा असता तो खरखरीत असतो आणि पाऊल चांगले धरतो. शेवाळ धरले की तोच दगड साबणासारखा निसरडा होतो. सावलीतील आणि पाणवठ्याजवळील पायऱ्यांवर पावसाळा सरल्यावरही शेवाळ टिकते. तिसरे म्हणजे त्याच्या सुट्या, गोल खड्यांचा थर. कठीण जमिनीवर पसरलेले असे खडे पायाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. काळ्या दगडावर आयुष्य काढलेल्या माणसालाही या मातीवर पहिला दिवस जपूनच चालावे लागते.

हवासुद्धा निराळी. आपल्याकडचा उष्मा कोरडा, घाम लगेच वाळतो आणि अंग निवते. किनाऱ्यावर हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही, अंग निवत नाही आणि त्याच अंतराला थकवा अधिक येतो. त्यातच वाढत्या वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले आहे, त्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे.

उतार शरीराकडे काय मागतो

विहिरीतून भरलेली बादली ओढणे कष्टाचे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु जड वस्तू दोराने हळूहळू खाली सोडायची असेल, तर दोर सोडायचाही असतो आणि घट्ट धरायचाही असतो. हात भरून येतात ते याच कामाने. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंची अवस्था अशीच असते. ते लांबत जातात आणि त्याच वेळी शरीराचा भार आवरून धरतात. सवय नसेल तर त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. गुडघ्याच्या वाटीमागील भागावरही उतारावर अधिक दाब येतो. ‘चढताना काही नाही, उतरताना गुडघा बोलतो’ ही तक्रार यातूनच येते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की स्नायू लवकर शिकतात. एकदा थोडा उतार उतरून मांड्या दुखल्या, की पुढच्या खेपेस तेवढाच उतार बराच सुसह्य होतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून पहिला उतार सहलीच्या ठिकाणी न उतरता घराजवळ उतरावा.

उतरणे केवळ धोक्याचे आहे असेही नाही. ऑस्ट्रियातील संशोधकांनी आल्प्स पर्वतात एक प्रयोग केला. सहभागी माणसे काही आठवडे डोंगर चढून जात आणि झुलत्या पाळण्याने खाली येत. नंतर काही आठवडे पाळण्याने वर जात आणि पायी उतरत. चढण्याने रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी कमी झाली, तर उतरण्याने साखर पचवण्याची शरीराची क्षमता सुधारली. उतरताना धाप कमी लागते, त्यामुळे दम कमी असलेल्यांनाही मर्यादित उतारापासून लाभ होऊ शकतो. हा प्रयोग निरोगी प्रौढांवर झालेला होता, हे मात्र लक्षात ठेवावे. त्याच्या भरवशावर मधुमेही आजोबांनी गोळ्या बंद करू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायामही करावेत. आपल्याकडे पहिली गोष्ट पुष्कळ जण करतात, दुसरीचा विसर पडतो. रोज सकाळी सपाट रस्त्यावर तासभर फिरणारे गृहस्थही घाटाच्या पायऱ्यांवर डगमगतात ते यामुळेच.

निघण्यापूर्वी सहा आठवडे

प्रथम वैद्यकीय तपासणी. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, वारंवार चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा अलीकडे झालेला हृदयविकाराचा झटका यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीखेरीज चढ-उतार करू नये. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे बसून उठताना अंधारी येऊ शकते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांब चालण्याने एकदम उतरू शकते. या दोन गोष्टी मुद्दाम विचारून घ्याव्यात. हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषध चालू असेल, तर नाडी श्रमाच्या मानाने वाढत नाही. अशांनी नाडीवरून श्रम मोजू नयेत, बोलण्यावरून मोजावेत. चालताना दोन वाक्ये सलग बोलता आली पाहिजेत. बोलणे तुटू लागले की थांबावे.

पहिले दोन आठवडे घरच्या घरी. भिंतीला टेकलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि सावकाश बसावे. बसण्याची क्रिया मनात चार अंक मोजत करावी, कारण उताराचा खरा सराव हाच. सुरुवातीस पाच-सहा वेळा, पुढे दहा वेळा. ओट्याला हात जवळ ठेवून एका पायावर उभे राहावे. ब्राझीलमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ५१ ते ७५ वयोगटातील ज्यांना दहा सेकंद एका पायावर उभे राहता आले नाही, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. यावरून एक पाय उचलता न येणे हेच मृत्यूचे कारण, असा अर्थ काढून घाबरू नये. तोल हा एकंदर प्रकृतीचा आरसा असतो, एवढाच त्याचा बोध. दहा सेकंद जमत नसतील, तर तीन सेकंदांपासून आरंभ करावा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पायऱ्या. देवळाच्या किंवा घराच्या दहा पायऱ्या कठड्याला धरून चढाव्यात, उतराव्यात. एक गुडघा दुखरा असेल, तर चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना काठी व दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी. ताठ उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी. त्याहून आखूड काठी कमरेला वाकवते, लांब काठी खांदा दुखवते. काठीच्या टोकाचे रबर झिजलेले असेल तर बदलावे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात गावाबाहेरची वाट धरावी. नांदूरघाटच्या परिसरात चढ-उताराच्या वाटांसाठी दूर जावे लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस, ऊन चढण्यापूर्वी, आरंभी दहा मिनिटे चढ आणि तेवढाच उतार पुरेसा आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी कुटुंबासह कपिलधार येथील मन्मथस्वामींच्या समाधीस्थानी किंवा अंबाजोगाईजवळ डोंगराच्या कुशीत असलेल्या आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीस जावे. भक्ती, निसर्ग आणि पायऱ्यांचा सराव एकत्र साधतो. ज्यांना कोकणात जाणे आर्थिक किंवा घरगुती कारणांनी शक्य नाही, त्यांनी येथेच थांबले तरी चालेल. आरोग्याचा सारा लाभ या सहा आठवड्यांतच आहे. समुद्र हे त्याचे बक्षीस.

कोठे आणि किती चालावे

बीडहून कोकणात जायला रात्रभराचा प्रवास होतो. तासन्‌तास पाय लोंबते राहिल्याने घोट्यांना सूज येते, पोटऱ्यांतील रक्त साकळण्याचा धोका असतो. दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे फिरावे आणि बसल्या जागी पंजे वर-खाली करावेत. पोहोचल्याच्या दिवशी चढ-उतार ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी रेडी. सकाळी गणेशदर्शन, ऊन उतरल्यावर यशवंतगड. तटबंदीच्या आत मोठ्या झाडांची सावली आहे. जोत्यांवर आणि मुळांवर पाय जपून ठेवावा. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी असलेले मंदिर ज्येष्ठांना मानवते. ओलसर फरशीवर मात्र काठी आवश्यक. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याच्या उघड्या सड्यांवर आदिमानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळी, बारसू, कुडोपी यांसह काही स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत झाला. दक्षिण गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथील कातळशिल्पेही याच परंपरेतील. सड्यावर चढ फारसा नसला, तरी सावलीही नसते. म्हणून सकाळी नऊच्या आत तेथून परतावे.

एका दिवशी एकच ठिकाण, एकूण चालणे घरच्या सरावाइतकेच आणि एक दिवस चालणे तर एक दिवस विसावा, हा क्रम पाळावा. ठरवलेल्या वेळेचा अर्धा भाग संपला की वाट जेथे असेल तेथून मागे फिरावे. शिखर किंवा देऊळ दहा पावलांवर दिसत असले तरी, उताराची ताकद खर्चून ते गाठू नये.

चालताना पुढील धोक्यांची जाण ठेवावी. बंद खाणींच्या आणि चिरेखाणींच्या कडा वरून भक्कम दिसतात, आतून पोखरलेल्या असतात. तेथील पाणी काठापासूनच खोल असते. कुंपण ओलांडू नये, नातवंडांना पाण्याजवळ जाऊ देऊ नये, चालू खाणीत परवानगीविना शिरू नये. दमा असलेल्यांनी खनिजाचे ट्रक चालणारे धुळीचे रस्ते टाळावेत. दोडामार्ग-बांदा परिसरात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गेल्या दशकात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. जंगलातील गोचिडांमार्फत पसरणारा हा ताप साधारणपणे डिसेंबर ते मे या काळात दिसतो. तेव्हा पालापाचोळ्यावर बसू नये, अंगभर कपडे घालावेत, मुक्कामी परतल्यावर अंग व कपडे तपासावेत. मेलेले माकड दिसल्यास जवळ जाऊ नये. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना या प्रवासाची माहिती अवश्य द्यावी.

पादत्राण टाचेला धरून ठेवणारे असावे. सैल चप्पल किंवा खास सहलीसाठी घेतलेला नवा कोरा बूट नको. दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणाऱ्यांना खाली पाहताना पायरी धूसर दिसते. अशांनी मान पुरेशी वाकवून दूरच्या भिंगातून पायरी पाहावी किंवा केवळ दूरचे पाहण्याचा वेगळा चष्मा वापरावा. मधुमेहींनी मोजे काढून तळपाय रोज पाहावेत आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.

सोबत्याचे काम

कुटुंबातील ज्याने सोबतीची जबाबदारी घेतली आहे, त्याने चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याकडून घ्यावा. चढताना ज्येष्ठांच्या मागे राहावे, उतरताना त्यांच्या एक पायरी खाली, किंचित बाजूला. त्यांचा हात आपण पकडू नये, त्यांना आपला दंड धरू द्यावा. पकडलेल्या हाताने माणूस ओढला जातो आणि तोल जातो, धरलेल्या दंडाने तो सावरतो. भरभर पुढे जाऊन वळून हाका मारणे हा सोबतीचा सर्वांत वाईट प्रकार.

आपल्याकडील वडीलधारी माणसे दुखणे सहसा सांगत नाहीत. ‘तुमी जा म्होरं, मी हितंच बसते,’ असे आजी म्हणते, तेव्हा तिला फक्त विसावा हवा असतो, की छातीत काही जाणवते आहे, हे ओळखणे सोबत्याचे काम आहे. ‘आजी, दमलीस का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘आजी, मलाच जरा टेकायचंय, बसू या,’ असे म्हणावे आणि शेजारी बसून तिचा श्वास, चेहऱ्याचा रंग, बोलणे न्याहाळावे. छातीवर दडपण, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, बोबडी वळणे, तोंड एका बाजूस ओढले जाणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर चालवत खाली आणू नये. जागीच बसवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गोव्यातही चालतो. एरवीच्या अडचणींत मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ ही आहे.

परतल्यावर दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील आणि तीन-चार दिवसांत दुखणे ओसरत असेल, तर काळजीचे कारण नाही. गुडघा सुजला, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र घरगुती मालिश न करता डॉक्टर गाठावेत.

पडण्याच्या भीतीने घरात बसवून ठेवलेले पाय अधिकच दुबळे होतात आणि मग घरातल्या उंबऱ्यावरही अडखळतात. उलट हट्टाने दामटलेले पायही दगा देतात. या दोन टोकांमधली वाट सरावाची आहे. ऊसतोडीला गेलेली माणसे परत येतील, तेव्हा दारात उभे राहून त्यांचे स्वागत करणारी आजी स्वतःच्या पायांवर उभी असावी, यासाठी उद्या सकाळी खुर्चीवरून पाच वेळा उठणे, सावकाश बसणे आणि बसताना चार अंक मोजणे एवढ्यापासून आरंभ करता येईल.